कवीच्या घराची राखण

लंडनच्या उत्तरेस, टेकडीच्या अंगावर वसलेल्या हॅम्पस्टेड या उपनगरात, ज्या रस्त्याला पूर्वी जॉन स्ट्रीट म्हणत आणि आज कीट्स ग्रोव्ह म्हणतात, त्या रस्त्यावर पांढऱ्या गिलाव्याची, बेताच्या आकाराची एक वास्तू उभी आहे. चार्ल्स वेंटवर्थ डिल्क आणि चार्ल्स आर्मिटेज ब्राउन या दोन साहित्यप्रेमी स्नेह्यांनी १८१४ ते १८१६ या काळात ती बांधून घेतली. बाहेरून पाहणाऱ्यास ती एकच प्रशस्त वास्तू वाटावी, परंतु आत मधल्या भिंतीच्या दोन बाजूंस दोन स्वतंत्र बिऱ्हाडे नांदावीत आणि बाग मात्र दोघांची सामाईक असावी, अशी तिची रचना होती. वेंटवर्थ प्लेस हे नाव तिला डिल्कच्या नावावरून मिळाले. गेल्या दोनशे वर्षांत या घराची मालकी व कारभार अनेक हातांतून गेला. एवढे फेरफार होऊनही ते पाडले गेले नाही आणि त्यातील ठेवा विखुरला नाही, याचे श्रेय कोणाकडे जाते, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

या घराला इतिहासात स्थान मिळाले ते जॉन कीट्समुळे. क्षयाने खंगत चाललेल्या टॉम या धाकट्या भावाची शुश्रूषा कीट्स हॅम्पस्टेडमध्येच वेल वॉक येथील भाड्याच्या खोल्यांत राहून करीत होता. १ डिसेंबर १८१८ रोजी टॉम निवर्तला, तेव्हा ब्राउनने मित्राला त्या शोकाच्या जागेतून उठवून आपल्या बिऱ्हाडी आणले. महिना पाच पौंड भाडे ठरले, आणि मागील दालनाच्या खिडकीतून बागेकडे पाहत वाचीत बसण्याची सोय त्याला लाभली. पुढल्या एप्रिलात डिल्क कुटुंब मुलाच्या शिक्षणासाठी वेस्टमिन्स्टरला गेले आणि त्यांच्या अर्ध्या घरात श्रीमती ब्रॉन ही विधवा स्त्री आपल्या मुलांसह राहावयास आली. तिच्या थोरल्या मुलीचे, फॅनीचे, आणि कीट्सचे वाङ्‌निश्चयापर्यंत गेलेले प्रेम साहित्यरसिकांना परिचित आहे. मात्र त्या प्रेमातील अंतर हे बहुतांश काळ एका भिंतीचेच होते, ही गोष्ट ते घर प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज मनावर ठसत नाही.

१८१९ च्या त्या वसंतात कीट्सची प्रतिभा ज्या वेगाने फुलली त्याला इंग्रजी काव्यात फारशी तोड नाही. एके सकाळी न्याहारीच्या मेजावरची खुर्ची उचलून तो बागेतील आलुबुखाऱ्याच्या झाडाखाली जाऊन बसला आणि दोन-तीन तासांनी हातात काही कागदाचे कपटे घेऊन परतला. तीच नाइटिंगेल पक्ष्यावरची ओड, अशी आठवण ब्राउनने पुढे अनेक वर्षांनी लिहून ठेवली. परंतु फेब्रुवारी १८२० मध्ये खोकल्याबरोबर चादरीवर रक्ताचा थेंब पडला. वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या कीट्सला त्या रक्ताच्या रंगावरूनच आपला अंत कळून चुकला. मे महिन्यात ब्राउनने प्रघाताप्रमाणे उन्हाळ्यापुरते घर भाड्याने दिले आणि आजारी कीट्सला अन्यत्र जावे लागले. ऑगस्टात तो परतला तो ब्रॉन मायलेकींच्या आश्रयास, म्हणजे भिंतीच्या पलीकडच्या अर्ध्या भागात. सप्टेंबरात हवापालटासाठी त्याने इटलीची वाट धरली आणि २३ फेब्रुवारी १८२१ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, रोम येथे तो मरण पावला.

यानंतर वेंटवर्थ प्लेसचा इतिहास शंभर वर्षे कोणत्याही सामान्य मिळकतीचा असावा तसाच आहे. ब्राउन इटलीत आणि तेथून न्यूझीलंडात गेला. काही काळ कीट्सची बहीण, तिचेही नाव फॅनीच, आपल्या स्पॅनिश पतीसह येथे राहिली. १८३८ च्या सुमारास रंगभूमीवरून निवृत्त झालेल्या एलायझा चेस्टर या अभिनेत्रीने दोन्ही भाग विकत घेतले, मधल्या भिंती फोडून त्यांचे एक घर केले आणि बाजूस एक मोठे दालन नव्याने बांधले. घराचे नावही बदलले. लॉन बँक या नावाने ते ओळखले जाऊ लागले. चेस्टरबाईंना यात दोष देता येत नाही. १८३८ मध्ये कीट्स हा समीक्षकांनी हिणवलेला, अल्पायुषी आणि मोजक्याच स्नेह्यांना ठाऊक असलेला कवी होता. त्याचे पहिले मोठे चरित्र, रिचर्ड मंक्टन मिल्न्स यांचे, बाहेर पडावयास १८४८ साल उजाडावे लागले.

कीर्ती वाढू लागली तशी घराकडे लक्ष वळले, पण ते सावकाश आणि आडवळणाने. १८७८ मध्ये कीट्सची फॅनी ब्रॉनला लिहिलेली पत्रे छापली गेली, १८८५ मध्ये त्या पत्रांचा लिलाव झाला, आणि एका तरुण कवीचे अत्यंत खाजगी हृद्गत बोली लावून विकले जावे याची लाज वाटणाऱ्यांत ऑस्कर वाइल्डसारखा लेखकही होता. १८९४ मध्ये हॅम्पस्टेडच्या पॅरिश चर्चमध्ये कीट्सचा अर्धपुतळा बसविण्यात आला. तो घडविणारी ॲन व्हिटनी बोस्टनची, आणि तो देणारे चाहतेही अमेरिकन. इंग्लंडच्या आधी अमेरिकेने या कवीला स्मारक द्यावे, ही गोष्ट हॅम्पस्टेडच्या रहिवाशांना टोचली असल्यास नवल नाही. १८९६ मध्ये सोसायटी ऑफ आर्ट्सने घरावर नामफलक लावला. तथापि फलक लावल्याने मालकीहक्क बदलत नाही. घर खाजगी मालकीचेच राहिले.

येथे हॅम्पस्टेडच्या लोकांविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण पुढल्या घटनांचे मूळ त्यांच्या स्वभावात आहे. या गावाला लागून हीथ नावाचे विस्तीर्ण माळरान आहे. त्याचे जमीनदार सर टॉमस मेरियन विल्सन यांनी त्यावर इमारती उठविण्याचा बेत १८२९ पासून चालविला होता आणि गावकऱ्यांनी तो सुमारे चाळीस वर्षे, पार्लमेंटापर्यंत झगडून, हाणून पाडला. विल्सन वारल्यावर त्यांच्या वारसाशी वाटाघाट होऊन १८७१ च्या कायद्याने ४५,००० पौंडांस तो माळ सार्वजनिक मालकीचा झाला. १८९७ मध्ये येथील रहिवाशांनी हीथ आणि जुन्या हॅम्पस्टेडच्या रक्षणासाठी एक कायमची संस्था स्थापन केली; ती आजही हीथ अँड हॅम्पस्टेड सोसायटी या नावाने कार्य करते. सभा भरविणे, अर्ज करणे, वर्तमानपत्रांतून लिहिणे, वर्गणी गोळा करणे आणि हे सर्व एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या हवाली करणे, याचा सराव या वस्तीला होता. १९२० मध्ये कवीच्या घरावर प्रसंग आला, तेव्हा हाच सराव कामास आला.

त्यापूर्वी एक महत्त्वाची गोष्ट घडली होती. घर बांधणाऱ्या डिल्कचा नातू, राजकारणी सर चार्ल्स डिल्क, १९११ मध्ये वारला. कीट्सची पुस्तके, पत्रे व स्मृतिचिन्हे यांचा जो संग्रह आजोबांपासून त्याच्याकडे आला होता, तो त्याने मृत्युपत्राने हॅम्पस्टेडच्या सार्वजनिक ग्रंथालयास दिला. त्यामुळे हॅम्पस्टेड नगरपालिकेच्या ताब्यात कवीचा ठेवा आला, पण तो ठेवण्याजोगे कवीचे घर तिच्या ताब्यात नव्हते. घर आणि ठेवा यांची ही ताटातूट डोळ्यांसमोर असल्यामुळे, घर मिळविण्याच्या मागणीला आठ-दहा वर्षांनी भावनेखेरीज व्यवहाराचाही आधार लाभला.

महायुद्ध संपले, लंडनात घरांची टंचाई झाली आणि जमिनीला भाव आला. १९२० मध्ये लॉन बँक विक्रीस निघाले. ते पाडून त्या जागी भाड्याच्या सदनिका उठतील अशी चिन्हे स्पष्ट दिसू लागली. स्मारकसमिती स्थापन झाली आणि तिने देशोदेशींच्या कीट्सप्रेमींना देणगीसाठी साकडे घातले. काळ अनुकूल नव्हता. युद्धात मेलेल्यांची स्मारके प्रत्येक गावात उभी राहत होती, आणि शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या एका कवीसाठी पैसा मागणे सोपे नव्हते. परंतु एक योग जुळून आला: २३ फेब्रुवारी १९२१ हा कीट्सच्या मृत्यूचा शताब्दीदिन होता. समितीने त्या दिवसाचे निमित्त साधून जी. सी. विल्यमसन यांनी संपादिलेला एक स्मरणग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्याचे उत्पन्न घराच्या निधीस लावले. टॉमस हार्डी या वृद्ध कवीने या घरावर रचलेली कविता त्यात दिली. बर्नार्ड शॉनेही लेख दिला. निधीचा मोठा वाटा याही वेळी अमेरिकेतून आला. त्या वर्षी घर विकत घेतले गेले, आणि दुरुस्ती व मांडणी होऊन ९ मे १९२५ रोजी ते लोकांस खुले झाले.

खरेदी झाल्यावर समितीने घर स्वतःकडे ठेवले नाही. ते विश्वस्त या नात्याने हॅम्पस्टेडच्या नगरपालिकेकडे सोपविले. माझ्या मते या सबंध इतिहासातील सर्वांत दूरदर्शी निर्णय हाच होय. लोकांच्या उत्साहाने घर विकत घेता येते, पण छपराची कौले, गटारे, पहारेकऱ्याचा पगार आणि कर हे उत्साहाने भागत नाहीत. त्यासाठी कायम उत्पन्न असलेली संस्था लागते. चेल्सी येथील कार्लाइलचे घर १८९५ मध्ये असेच वर्गणीने विकत घेऊन स्वतंत्र ट्रस्टकडे ठेवले गेले, आणि चाळीस वर्षांनी, १९३६ मध्ये, तेही अखेर नॅशनल ट्रस्टच्या हवाली करावे लागले. हॅम्पस्टेडच्या समितीने आरंभीच ओळखले की मालकीपेक्षा मालकीला जोडलेली अट महत्त्वाची. पालिका घराची धनी झाली नाही. कवीचे स्मारक म्हणून ते जपण्याचे बंधन तिच्यावर आले, आणि पुढे कारभारी बदलत गेले तेव्हा घराबरोबर ते बंधनही एकाकडून दुसऱ्याकडे गेले.

पालिकेच्या अमलातील पहिली पंधरा वर्षे या घराच्या भरभराटीची होत. १९३१ मध्ये शेजारीच नवी इमारत बांधून तीत सार्वजनिक वाचनालय आणि कीट्सविषयक संग्रह यांची एकत्र तजवीज करण्यात आली. डिल्कचा ठेवा अशा रीतीने कवीच्या बागेशेजारी आला. मग १९३४ मध्ये, आपले नाव प्रकट न करण्याच्या अटीवर, एका संग्राहकाचा कीट्सविषयक संग्रह या स्मारकास मिळाला. हा दाता फ्रेड हॉलंड डे, मॅसॅच्युसेट्सचा प्रकाशक व छायाचित्रकार. चर्चमधील अर्धपुतळ्यासाठी चाळीस वर्षांपूर्वी खटपट करणाऱ्यांतही तोच होता. त्या देणगीत फॅनी ब्रॉनने कीट्सच्या बहिणीला सप्टेंबर १८२० पासून जून १८२४ पर्यंत लिहिलेली पत्रे होती. कीट्सची प्रेमपत्रे छापली गेल्यापासून फॅनीला उथळ, चंचल, कवीच्या योग्यतेची नसलेली मुलगी ठरविण्याची एक परंपराच पडली होती, कारण तिची कीट्सला गेलेली उत्तरे नष्ट झालेली होती आणि तिची बाजू सांगणारे कोणी नव्हते. घराचे व्यवस्थापक फ्रेड एजकम यांनी ही पत्रे संपादून १९३६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतून दिसली ती एक विचारी, वाचनवेडी, दुःख आवरून दुसऱ्या मुलीला धीर देणारी तरुणी. वेंटवर्थ प्लेस तेव्हा सार्वजनिक विश्वस्तांच्या हाती नसते, तर ती पत्रे कोणाकडे गेली असती आणि पुन्हा केव्हा उजेडात आली असती, हे सांगणे कठीण आहे. एका स्त्रीला साठ वर्षांनी न्याय मिळाला तो हे घर उभे होते म्हणून.

दुसरे महायुद्ध आले आणि गेले. खरा पालट त्यानंतर वीस वर्षांनी झाला, आणि तो कागदावर. लंडनच्या कारभाराची पुनर्रचना करणारा १९६३ चा कायदा १ एप्रिल १९६५ पासून अमलात आला; हॅम्पस्टेड, होबर्न आणि सेंट पँक्रस या तीन नगरपालिका मोडून कॅम्डेन हा एक बरो निर्माण झाला. हॅम्पस्टेड नगरपालिका या नावाची संस्थाच उरली नाही, आणि जे घर त्या गावाने आपल्या गावासाठी म्हणून सोपविले होते ते एका कितीतरी मोठ्या प्रशासनाच्या ताब्यात गेले. कॅम्डेनने १९७४-७५ मध्ये घराचे जीर्णोद्धारकार्य पार पाडले, हे नमूद केलेच पाहिजे. परंतु रेल्वेस्थानकांभोवतीची गजबजलेली वस्ती, गृहनिर्माण, शाळा आणि समाजकल्याण यांचा भार वाहणाऱ्या बरोला कवीचे घर हा शेकडो बाबींतील एक खर्च होता. ऐंशीच्या दशकात मध्यवर्ती सरकारने स्थानिक संस्थांच्या कर बसविण्याच्या अधिकारास मर्यादा घातल्या, आणि अशा बाबींवर प्रथम कात्री चालणे अपरिहार्य झाले.

याच दशकात हीथचाही कारभारी बदलला. तो सांभाळणारी ग्रेटर लंडन कौन्सिल १९८६ मध्ये बरखास्त झाली आणि १९८९ मध्ये हीथ सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनकडे आला. लंडनच्या मध्यावरील जेमतेम एक चौरस मैलाच्या व्यापारी नगरीची ही प्राचीन संस्था. स्वतःच्या हद्दीबाहेरील एपिंगचे अरण्य ती एकोणिसाव्या शतकापासून सांभाळीत आली आहे. हीथ तिच्याकडे आल्यावर त्याच्या कडेचे हे घरही तिच्याकडे जावे, हे क्रमप्राप्तच होते, आणि १ जानेवारी १९९७ पासून कॉर्पोरेशन या घराची विश्वस्त झाली. घोड्यांच्या तबेल्याच्या व्यवस्थापकाचा मुलगा असलेला कीट्स ३१ ऑक्टोबर १७९५ रोजी जन्मला तो मूरगेटला, सिटीच्याच उंबरठ्यावर. दोनशे वर्षांनी त्याचे घर सिटीकडे आले.

नव्या विश्वस्ताने दुरुस्तीचे काम हाती घेतले. राष्ट्रीय लॉटरीच्या वारसा-निधीचे साहाय्य मिळून घर पुन्हा एकदा सज्ज झाले आणि जुलै २००९ मध्ये लोकांस खुले झाले. जोसेफ सेव्हर्नने काढलेल्या चित्रात कीट्स आपल्या दालनात एका खुर्चीवर बसून दुसरीच्या पाठीवर हात टेकून वाचीत आहे. त्या दालनाची मांडणी त्या चित्राच्या आधारे केलेली आहे. कीट्सने फॅनीला दिलेली लाल खड्याची अंगठी तेथेच आहे. २०११ च्या मार्चमध्ये, आजारपणामुळे फॅनीपासून दूर ठेवल्या गेलेल्या कीट्सने भिंतीच्या अलीकडून तिला लिहिलेले एक पत्र लिलावात आले, तेव्हा कॉर्पोरेशनने ते ९६,००० पौंडांस विकत घेऊन घरी आणले. ज्या पत्रांच्या विक्रीची १८८५ मध्ये खंत व्यक्त झाली होती, त्यांपैकी एकाची ही घरवापसी होती.

तरीही गावाचे काम संपले नव्हते. १९३१ ची शेजारची इमारत घराच्या मिळकतीत मोडत असली, तरी तेथील वाचनालय कॅम्डेनच चालवीत होते, आणि २०११ मध्ये काटकसरीच्या नावाखाली बरोने त्यातून अंग काढून घेण्याचे ठरविले. तेव्हा रहिवाशांनी ते स्वतः चालविण्याची जबाबदारी घेतली. एप्रिल २०१२ पासून ते कीट्स कम्युनिटी लायब्ररी म्हणून स्वयंसेवकांच्या श्रमांवर आणि देणग्यांवर चालू आहे. १८७१ चा माळ, १९२१ चे घर आणि २०१२ चे वाचनालय ही एकाच वस्तीने तीन वेगवेगळ्या पिढ्यांत केलेली कामे आहेत, आणि माझ्या दृष्टीने तिसरे काम पहिल्या दोहोंपेक्षा उणे नाही. दररोज वाचनालयाचे दार वेळेवर उघडणे हे सभेत भाषण करण्याहून अवघड असते.

आपल्याकडेही याला उदाहरण आहे. कोकण मराठी साहित्य परिषदेने केशवसुतांचे मालगुंड येथील घर जतन करून तेथे स्मारक उभारले, आणि १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. अशी घरे महाराष्ट्रात आणखी किती गावांत उभी आहेत, हे ज्या त्या गावचे लोकच सांगू शकतील. ज्यांच्या गावात कोणा कवीचे, समाजसुधारकाचे वा विद्वानाचे घर अजून शाबूत आहे, त्यांनी त्याची मिळकतपत्रिका कोणाच्या नावावर आहे, ते कोणत्या अटीवर कोणाच्या हवाली केलेले आहे आणि त्या व्यवस्थेची मुदत केव्हा संपते, एवढे तरी आजच विचारून घ्यावे आणि चार शेजाऱ्यांना सांगून ठेवावे.